पाच सेंटचे कॅन आणि चौदा नंबरचा अर्ज

मार्चपासून मेपर्यंत आमच्या गॅरेजला बिअरचा वास यायचा. मी बिअर पीत नाही, बायको तर वासानेच वैतागते, तरी गाडी बाहेर पावसात आणि आत काळ्या पिशव्यांची रास. आईला व्हिडिओ कॉलवर चुकून दिसली तर ती म्हणाली, "तिकडे जाऊन भंगारचा धंदा सुरू केलास की काय?" तेव्हा जे अर्धवट सांगितलं ते आज नीट लिहितोय.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथे कोक, बिअर वगैरेचा कॅन घेतला की बिलात पाच सेंट जादा लागतात, रिकामा कॅन परत दिला की ते पाच सेंट परत. आपल्याकडे पूर्वी सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट असायचं ना, तसंच. हे १९८३ पासून चालू आहे, तेव्हाही पाच सेंट आणि आजही पाचच, महागाईने बाकी सगळं कुठल्या कुठे नेलं पण याला हात नाही लावला. बहुतेक लोक परत द्यायचा कंटाळा करतात, घरात साठत राहतं. म्हणून इथल्या शाळा, स्काउटवाले दारोदार जाऊन हे कॅन मागतात, ते मशीनमध्ये टाकतात आणि पैसे कुठल्यातरी चांगल्या कामाला लावतात. याला बॉटल ड्राइव्ह म्हणतात. आमच्या गावचं चांगलं काम म्हणजे बारावी होऊन कॉलेजला जाणाऱ्या, पण पैशाची अडचण असलेल्या मुलांची स्कॉलरशिप.

मी यात पडलो ते मुलीमुळे. ती अकरावीला, तिला शाळेसाठी सेवेचे तास भरायचे होते आणि ड्रायव्हर म्हणून बाप हवा होता. पहिल्या शनिवारी आम्ही दोन गल्ल्या फिरलो, गाडी भरली, आणि मी हुशारी केली. जागा वाचावी म्हणून तीनेकशे कॅन बुटाखाली चेपले, आपल्याकडे भंगारात देताना करतो तसे. सुपरमार्केटच्या पोर्चमध्ये ती मशिनं असतात, तिथे गेलो तर एकही कॅन घेईना, टाकला की परत बाहेर. मशीन कॅनवरचा बारकोड वाचतं, चेपला की संपलं. साध्या पाण्याच्या बाटल्याही घेत नाही, त्यावर डिपॉझिटच नसतं, आणि आम्ही त्याही दोन पोती गोळा केलेल्या. मुलगी लाजेने गाडीत जाऊन बसली.

तेव्हा तो मुलगा आला. त्याच दुकानात काम करणारा, सतरा-अठरा वर्षांचा, कॅश काउंटरवर लोकांचं सामान पिशवीत भरायचा आणि मधूनमधून मशीनचे भरलेले डबे रिकामे करायचा. त्याने एक कॅन हातात घेतला, दोन्ही अंगठ्यांनी कडांवर दाबून थोडा फुगवला, बारकोडची बाजू जराशी गोल केली आणि मशीनमध्ये सरकवला. घेतला! मग आम्ही दोघं तासभर तेच करत बसलो. त्याची सुट्टीची वेळ होती हे मला नंतर कळलं.

पुढचे सगळे शनिवार तिथेच, त्यामुळे बोलणं व्हायचं. आई नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते, धाकटी बहीण आहे, ॲमहर्स्टच्या स्टेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालंय पण बहुतेक जाणार नाही असं तो अगदी सहज बोलून गेला, बस चुकली म्हणावं तसं. राज्यातल्याच मुलाला तिथे राहणं-जेवण धरून वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर खर्च येतो. सरकारी मदत, ग्रँट सगळं धरूनही जी फट उरते ती त्याच्या घरात कुठूनच भरण्यासारखी नव्हती. जवळच्या कम्युनिटी कॉलेजला जाईन म्हणाला, २०२४ पासून इथल्या रहिवाशांना ते फुकट झालंय, फी नाही लागत. वाईट नाही तेही. पण त्याला जे शिकायचं होतं ते तिथे नव्हतं.

झालं, माझं ठरलं. एवढे कॅन गोळा करतोय तर पैसे याला द्यायचे. स्कॉलरशिप देणाऱ्या गावच्या कमिटीच्या मीटिंगला गेलो (लायब्ररीचं तळघर, नऊ माणसं, कॉफी भयंकर) आणि बोललो की एक मुलगा आहे, मी त्याला ओळखतो, त्याचा एक फोटो घेऊ, परिस्थिती चार ओळीत लिहू, गावात फिरवू, बघा आठ दिवसांत पैसे जमतात की नाही. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर असंच येतं ना, फोटो, टक्के, वडील काय करतात, घर किती बाय कितीचं, खाली अकाउंट नंबर. मीही पाठवलेत पैसे अशाच मेसेजवर कितीतरी वेळा.

कमिटीच्या अध्यक्ष म्हणजे एक रिटायर्ड सायन्स टीचर, सत्तरी पार केलेल्या. म्हणाल्या, आम्ही एका नावासाठी पैसे मागत नाही. पहिलं कारण कायद्याचं. आमची संस्था धर्मादाय म्हणून रजिस्टर आहे, लोकांना देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते, पण ती देणगी संस्थेला दिली तरच. अमक्या मुलालाच द्या अशी अट घालून दिली तर इथल्या इन्कम टॅक्स खात्याच्या हिशेबी ती एका माणसाला दिलेली भेट होते, दान नाही, आणि सूट गेली. संस्थेने आधी निकष ठरवायचे, अर्ज मागवायचे, निवड करायची. शिवाय इथे बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीएवढीच रक्कम स्वतःची घालतात, माझीही कंपनी घालते, तीसुद्धा फक्त अशा रजिस्टर संस्थेलाच. म्हणजे मी त्या मुलाच्या हातात शंभर दिले तर शंभर, कमिटीला दिले तर दोनशे. हे मला पटलं, आकड्याचं माझं पटकन पटतं.

दुसरं कारण त्यांनी सांगितलंच नाही. एवढंच विचारलं की त्या मुलाला विचारलंयस का?

नव्हतं विचारलं.

घरी येताना मी चिडलेलोच होतो. मदत करायला निघालोय आणि हे नियम दाखवतायत, असल्या नाजूकपणापायी पोरगं कॉलेजला मुकलं तर? पण रात्री झोप लागेना आणि भलतंच आठवायला लागलं.

आम्ही परळचे. बाबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत, आणि तो संप तसा कधी मिटलाच नाही, गिरणीच गेली. हायस्कूलमध्ये माझी फी ईबीसीमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास म्हणून, माफ. माझ्या वयाच्या लोकांना ईबीसी म्हटलं की कळेल, उत्पन्नाचा दाखला आणायचा, फॉर्म भरायचा. फॉर्म वेळेत नाही आला की सर वर्गात यायचे आणि म्हणायचे, "ईबीसीवाले उभे राहा." आम्ही सात-आठ जण उभे राहायचो. सर वाईट नव्हते, त्यांना यादी पूर्ण करायची होती. पण शेजारच्या बाकावरचा मित्र माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागायचा, ते मला आजही दिसतं. तो बघत राहिला असता तर बरं झालं असतं. आणि मी आता चेपलेले कॅन सरळ करणाऱ्या माझ्या या दोस्ताला सगळ्या गावासमोर उभा करायला निघालो होतो, वर फोटोसकट. तोही त्याच गावात, जिथे तो रोज सगळ्यांचं सामान पिशवीत भरतो.

दुसऱ्या दिवशी त्याला फक्त एवढंच सांगितलं की गावची एक स्कॉलरशिप आहे, फॉर्म शाळेच्या काउन्सेलरकडे मिळतो, शेवटची तारीख अमुक. तो बरं म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.

जाता जाता एक गोष्ट, ही मला त्या अध्यक्ष बाईंनीच सांगितली. आमच्यासारख्या गावोगावच्या कमिट्यांची एक मोठी चळवळ इथूनच निघाली, बॉस्टनच्या दक्षिणेला फॉल रिव्हर म्हणून शहर आहे तिथून. डॉ. अर्विंग फ्रॅडकिन नावाचे डोळे तपासून चष्मे देणारे डॉक्टर होते, स्कूल कमिटीची निवडणूक लढले आणि हरले. प्रचारात म्हणाले होते की गावातल्या कुठल्याही मुलाचं कॉलेज पैशावाचून अडू नये. हरले तरी विषय सोडला नाही, प्रत्येकाने एक डॉलर द्या म्हणत १९५८ मध्ये फंड उभा केला. त्याचंच पुढे डॉलर्स फॉर स्कॉलर्स झालं, आज त्या संस्थेला स्कॉलरशिप अमेरिका म्हणतात. मला यात भिडलं ते वेगळंच. फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचं गाव, आणि फ्रॅडकिननी एकेक डॉलर मागितला तोवर तिथल्या बहुतेक गिरण्या बंद पडलेल्या होत्या. आणि एकेक डॉलर म्हटल्यावर आपला मुष्टिफंडच आठवला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायका रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायच्या तो. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं, मोडक्यातोडक्या शब्दांत, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं हेही. मंगळसूत्र म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली पण नंतर कोणी काही बोलेना.

पैशाचं सांगतो, उत्सुकता असेल म्हणून. अकरा हजार दोनशे चाळीस कॅन, म्हणजे ५६२ डॉलर. दोन महिने गॅरेज सडवून एवढेच, हो. बेक सेलमध्ये, म्हणजे घरी भाजलेला खाऊ विकतात तिथे, बायकोच्या नानकटाईने कमाल केली, डब्यावर "अंडं नाही" आणि आत काय काय आहे ते सगळं लिहावं लागतं कारण इथे ॲलर्जीची फार काळजी, तासाभरात ताटं रिकामी. खरा मोठा आकडा आला तो पत्रांतून. गोष्ट अशी की कॅन मागायला दारात गेलं की लोक विचारतात कशासाठी, मग आपण सांगतो, आणि महिन्याने त्याच घरातून पन्नास डॉलरचा चेक येतो. कॅन हे निमित्त असतं हे मला बिअरच्या वासात दोन महिने काढल्यावर कळलं. कंपन्यांचे धरून आठ हजारांच्या थोडे वर जमले, दीड-दीड हजाराच्या पाच स्कॉलरशिप झाल्या. तीस हजारापुढे दीड हजार म्हणजे काय, असं वाटेल, मलाही वाटलं. पण ज्याची फट दोन हजाराची असते त्याला ते सगळंच असतं.

एक गंमत मात्र अजिबात गंमत नाही. काही कॉलेजं बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की स्वतःची ग्रँट तेवढीच कमी करतात! म्हणजे गावाने कॅन गोळा करायचे आणि फायदा कॉलेजच्या तिजोरीला. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना हे करायला कायद्याने बंदी घातली, तसं करणारं ते पहिलं राज्य. आमची कमिटी चेकबरोबर पत्र पाठवते की कमी करायचंच तर मुलाचं कर्ज कमी करा, ग्रँट नको. ऐकतातच असं नाही.

अर्ज वाचायला तीन जण लागतात, एकजण आजारी पडल्या म्हणून मला बसवलं. अर्जांवर नाव नसतं, फक्त नंबर. नावांची यादी शाळेच्या काउन्सेलरकडे कुलपात. सोबत एक आकडा, सरकारी फॉर्म भरल्यावर निघतो तो, घर किती भार उचलू शकेल त्याचा अंदाज. हा आकडा उणेसुद्धा असतो, खाली उणे पंधराशेपर्यंत जातो. उणे पंधराशे असे लिहिलेले चार अर्ज होते. आमच्या गावात, जिथे मला वाटायचं सगळ्यांचं बरं चाललंय. ते चौघं रोज कुठल्या घरातून शाळेत येत असतील याचा मी रस्त्याने जाताना विचार करायला लागलो आणि मग मुद्दाम थांबवला, तेही एक प्रकारचं बघणंच.

चौदा नंबरचा निबंध सामान भरण्यावर होता. जड खाली, अंडी वर, आणि फ्रीझरचं सगळं एकाच पिशवीत, म्हणजे माणूस दमून घरी गेला तरी त्याला घाईने एकच पिशवी उघडावी लागते, बाकीच्या थांबू शकतात. परिस्थितीबद्दल एक अक्षर नव्हतं, निदान मी वाचलं तिथपर्यंत. पहिल्या पानावरच मी थांबलो. अध्यक्ष बाईंना म्हटलं, चौदा मी नाही वाचू शकत. त्यांनी कारण विचारलं नाही, माझ्या कागदावर त्या नंबरापुढे रेघ मारली आणि अर्ज दुसऱ्याकडे सरकवला. त्यामुळे त्याला किती मार्क पडले ते मला माहीत नाही.

जूनच्या सुरुवातीला शाळेत बक्षिसांची संध्याकाळ असते. तिथे आमचीच नाही, रोटरी, फायर ब्रिगेडवाले, बँक, कोणाच्या आजोबांच्या नावाची, अशा सगळ्या स्कॉलरशिप एकत्र देतात. कोणती हुशारीची, कोणती खेळाची, कोणती गरजेची, काही सांगत नाहीत. नाव, टाळ्या, पांढरं पाकीट, पुढचा. तीसेक मुलं स्टेजवर गेली, त्यात डॉक्टरांची मुलगी होती आणि तोही होता, इस्त्रीच्या शर्टात, पाकीट दोन्ही हातांनी धरून. रात्रपाळीच्या आधी आलेली आई मागच्या रांगेत युनिफॉर्ममध्येच उभी होती. ते पाकीट कुठलं होतं ते मी विचारलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, किती जोरात वाजवताय, लोक बघतायत."

परवा गॅरेज धुतलं, कोपऱ्यात एक पिशवी राहिलेली सापडली. घेऊन गेलो. तो पोर्चमध्येच मशीन उघडून बसला होता, म्हणाला, "अजून चालूच आहे का तुमचं?" म्हटलं नाही रे, ही शेवटची. तेवीस कॅन निघाले, एक डॉलर पंधरा सेंटची चिठ्ठी. मग त्याने मला आत बोलावलं आणि मशीनमधला पट्टा अडकला की कुठून सोडवायचा ते दाखवलं, दोनदा, कारण पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. नवीन पोरांना अजून जमत नाही म्हणाला, आणि ऑगस्टच्या शेवटी तो इथे नसणार.