कशेळीच्या सड्यावर लडाख

मे महिन्याच्या शेवटी कोकणात जातोय म्हटल्यावर ऑफिसातल्या लोकांनी दोनच गोष्टी सांगितल्या : आंबे आण आणि दुपारचा उन्हात फिरू नकोस. आंबे तोवर संपत आले होते. आणि फिरलो ते मुद्दाम दुपारचाच, कारण मला सडा, म्हणजे जांभ्याच्या कातळाचं उघडं पठार, पाहायचा होता, तोही पार करपलेला. मातीचे नमुने तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. हिरव्यागार सड्याचे फोटो सगळेच टाकतात, पण मातीतल्या जीवांचं खरं काम बघायचं तर पाऊस यायच्या तोंडावर गेलं पाहिजे.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडला की पावस, मग पूर्णगडला मुचकुंदीची खाडी, पलीकडे गावखडी. गावखडीला समुद्रालगत सुरूचं बन आहे. लोक तिथे सावलीत डबे सोडतात आणि पुढे जातात. मी वाळू उकरत बसलो. हातभर खाली मुळावर तपकिरी, काष्ठवत गाठींचा झुपका लागला, प्रवाळाच्या तुकड्यासारखा दिसणारा. त्या गाठींतून बारीक मुळं चक्क वरच्या दिशेने निघालेली. गाठींत असतो फ्रँकिया नावाचा जिवाणू. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण झाडाच्या तो काही कामाचा नाही. फ्रँकिया त्याचा अमोनिया करून झाडाला देतो आणि बदल्यात साखर घेतो. म्हणून तर सुरू नुसत्या वाळूत, ना शेण ना खत, अशी ताडमाड वाढते.

ही ओळख मला झाली ती लडाखमध्ये. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. सिंधूकाठी आणि नुब्रा खोऱ्यात सीबकथॉर्नची काटेरी झुडपं आहेत, नारिंगी फळांनी लगडलेली. त्यांच्याही मुळांत फ्रँकियाच. दोन्ही झाडांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही. सुरू मूळची ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडची, सीबकथॉर्न थंड मुलखातलं. इकडे दमट खारा वारा, तिकडे हाडं गोठवणारा हिवाळा, पण दोन्हीकडच्या जमिनीत नायट्रोजनचा खडखडाट, आणि तो भरून काढणारा एकाच कुळातला जिवाणू. प्रयोगशाळेत त्याला वेगळं वाढवायला मात्र शास्त्रज्ञांना १९७८ साल उजाडावं लागलं.

गावखडीहून कशेळी जवळच. कनकादित्याचं दर्शन घेऊन सड्यावर गेलो. सोबत आडिवऱ्याचे अण्णा होते. त्यांच्याच घरी उतरलो होतो. कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती प्रचंड आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून गाड्या वाढल्यात. हत्तीबद्दल लिहिणारे खूप आहेत. मी बघत होतो तो हत्तीच्या बाजूचा काळा रंग.

जांभा मुळात तांबडा. तोडलेला चिरा बघा, लालभडक असतो. मग सडा काळा कशानं? लोह आहेच, पण त्यावर एक जिवंत थर असतो. बहुतेकांना ती जळकी बुरशी वाटते. त्यात निळे-हिरवे शेवाळ म्हणतात ते सायनोबॅक्टेरिया असतात, दगडफूल असतं. खोलगट भागात मातीचा पातळ पापुद्रा साचला होता, कडा उचललेल्या आणि मध्ये काळ्या, चुरचुरीत खपल्या. बाटलीतलं पाणी त्यावर थोडं थोडं ओतलं.

अण्णा म्हणाले, "अहो, प्यायचं पाणी दगडाला कशाला पाजताय?"

म्हटलं, बसा जरा. काही मिनिटांतच खपल्या फुगल्या, काळ्याच्या ऑलिव्ह हिरव्या झाल्या. बोटाने दाबलं तर रबरासारखं बुळबुळीत. ही नॉस्टॉक, त्या सायनोबॅक्टेरियांतलीच एक. सहा-सात महिने उन्हात भाजून निघालेला जीव घोटभर पाण्यावर उठून बसला. श्वास आधी सुरू होतो, मग प्रकाशसंश्लेषण, आणि नायट्रोजन बांधायचं काम सर्वांत शेवटी, कारण ते फार महाग. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, १६ रेणू लागतात. शिवाय हे काम करणारं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, म्हणून नॉस्टॉकच्या साखळीत मध्ये मध्ये जाड भिंतीच्या खास पेशी असतात. त्यांत ऑक्सिजनला मज्जाव.

अंटार्क्टिकात मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज नावाच्या बर्फ नसलेल्या दऱ्या आहेत. कॅप्टन स्कॉटची तुकडी तिथे १९०३ मध्ये पहिल्यांदा पोचली. तिथल्या टेलर दरीत सुमारे २० वर्षं कोरडा पडलेला एक ओढा १९९०च्या दशकात संशोधकांनी पुन्हा वाहता केला. पात्रातले वाळके थर आठवड्याभरात कामाला लागले. त्यातही मुख्य होते सायनोबॅक्टेरियाच, नॉस्टॉक धरून. ओढ्याबाहेरच्या कोरड्या जमिनीत मात्र उलट गोष्ट : हवेतून उतरलेलं नायट्रेट तिथे साचून राहतं, कारण धुऊन न्यायला पाऊस नाही आणि वापरायला फारसं कुणी जागं नाही. पोषण आहे, पाणी नाही. आपल्याकडे पाणी आहे, आणि तेच पोषण वाहून नेतं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या पाण्यापुढे सड्यावर नायट्रोजन टिकणार किती! म्हणून ऑगस्टमध्ये इथे दवबिंदू आणि सीतेची आसवं ही किडे खाणारी झाडं उगवतात. मातीत मिळत नाही ते किड्याच्या अंगातून काढतात.

माझं मत विचाराल तर थंड वाळवंट आणि सडा यांत थंडी-उष्णतेचा फरक दुय्यम आहे. जिवाणूंच्या लेखी कोरडं म्हणजे कोरडं. सडा हे वर्षातले सहा-सात महिने चालणारं वाळवंट आहे, आणि त्यातलं सगळं राजकारण पाणी कधी येतं यावर ठरतं.

संध्याकाळी अण्णांच्या शेतात गेलो. भाजावळ कधीच झाली होती. कवळ, पातेरा, शेण पसरून जाळलेला राबाचा काळा चौकोन लांबूनच दिसत होता. मातीचे डॉक्टर भाजावळीला नावं ठेवतात, मीही ठेवतो. पानांतला बराच नायट्रोजन धुरात जातो. पण तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, आणि तापलेल्या मातीत अमोनियम सुटतं, ते तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांना, पहिल्या दिवसांत कामी येतं. अण्णा रोहिणीवर धूळवाफ पेरतात. म्हणजे कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट पाहायची.

"वडील म्हणायचे, पहिल्या पावसाचं पाणी म्हणजेच खत," अण्णा म्हणाले.

यात तथ्य आहे. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेत काम करताना १९५८ मध्ये हे मांडलं : माती जितकी कडक वाळते, तितकी ती पहिल्यांदा भिजल्यावर जोरात नायट्रोजन सोडते. उन्हाळ्यात मेलेल्या जिवाणूंची कलेवरं जिवंत उरलेले खातात, आणि उरलासुरला नायट्रोजन मातीत येतो. हा भर काही दिवसांचाच. धूळवाफेचं बी तेव्हा आधीच मातीत असतं, म्हणून ते त्याला सापडतं. मृग सरता सरता पेरणाऱ्याचा तो वाटा पागोळीबरोबर वहाळाला जातो.

लावणीनंतरचा हिशेब वेगळा. तुंबलेल्या खाचरात ऑक्सिजन नसतो. तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा पुन्हा वायू करून हवेत सोडून देतात. शेतकरी युरिया फोकतो, त्यातला काही अमोनिया होऊन आणि काही असा उडून जातो. खाचराच्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ थोडी भर घालतं, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं.

अण्णांनी सरळ विचारलं, "मग यंदा युरिया किती आणू?"

म्हटलं, पाण्यावर फोकायचा असेल तर आणूच नका. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडा, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचा.

"ती भाताची चारसूत्री पद्धत ना? ठाऊक आहे हो," अण्णा म्हणाले. "पण त्या गोळ्या हातात पडतात लावणी उरकल्यावर. आणि खोचायला माणूस कुठाय? पोरगा मुंबईस."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. काकूंनी आतून सोलकढीला हाक मारली, तेव्हा अण्णा उठता उठता गिरिपुष्पाकडे हात करून म्हणाले, "पाला तेवढा गाडतो. त्याला कुणाची वाट बघायला लागत नाही."