बरा आसा

12 मे, रात्री साडेदहा

दोन्ही हातांना खोबरेल चोळून बसले आहे, तरी कोपराच्या आतल्या बाजूला टोचतंच आहे. होडीच्या फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूंची, कूस एकदा अंगात गेली की दोन दिवस निघत नाही. गरम पाण्याची आंघोळ तर मुळीच करायची नाही, ती आणखी आत जाते. एवढं शिकले आहे. झोप मात्र तिच्यामुळे उडालेली नाही.

बाबा आज संध्याकाळी घरासमोरच्या खळ्यात उतरले. मी त्यांच्या जुन्या होडीच्या दुरुस्तीचं काम सुरू केल्यापासून पहिल्यांदाच. काठी पडवीला टेकवून ठेवली, होडीच्या मागे गेले, खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि मागच्या फळीवर डावीकडून वाजवत निघाले. टक्, टक्, टक्. मग मध्यावर, मशीन बसतं त्याच्या जरा खाली, धप्. परत तिथेच एकदा, धप्. मग पुढे टक्, टक्. नाणं होडीच्या काठावर ठेवलं, माझ्याकडे न बघता "बरा आसा" म्हणाले आणि काठी घेऊन आत गेले.

एवढंच झालं. आईने जेवायला वाढलं, ते जेवले, बातम्या बघितल्या, झोपले. मी अजून त्या दोन शब्दांपाशीच आहे.

त्यांना तो आवाज ऐकू आला नाही असं होणंच शक्य नाही. अंधारात परत येणारी होडी कोणाची, हे तिच्या मशीनच्या आवाजावरून पडवीत बसून सांगणारा हा माणूस आहे. आणि एकदा नाही, त्यांनी तिथे दोनदा वाजवलं.

मला तो आवाज दहा दिवसांपूर्वीच आला होता. पॉलिश पेपर मारताना स्क्रू ड्रायव्हरची मूठ सहज आपटली आणि फळी बोदी, पोकळ वाजली. तेव्हा मी मनाला सांगितलं की रंगाचे थर जाड असतील. त्यावर लांबी भरली, घासली, वर पांढऱ्या जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराचा, हात दिला. वरून बघाल तर कळणार नाही इतकं गुळगुळीत केलं. फळी उघडायची म्हणजे आणखी दहा दिवस जाणार होते, आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. हवेत ओल आली की रेझिन, फायबरला बांधून ठेवणारा तो चिकट रस, नीट धरत नाही. हे सगळं खरंच आहे, पण ते मी मनाशी इतक्या वेळा म्हटलंय की आता त्यात मला माझाच आवाज ऐकू येतो.

मागच्या फळीत काय असतं ते बाबांना मी सांगायला नको. बाहेरून फायबर, आतून फायबर, मधे प्लाय. मशीनचे बोल्ट तिन्हीच्या आरपार जातात. फायबर पाण्याला आत सोडत नाही, पण बोल्टाच्या भोकातून एकदा पाणी शिरलं की तेच फायबर त्याला बाहेरही पडू देत नाही. मग प्लाय आतल्या आत कुजतो आणि वरून रंग तसाच चमकत राहतो. त्या फळीवर नऊ पॉइंट नऊ हॉर्सपॉवरचं मशीन बसणार, चाळीसेक किलोचं. भर समुद्रात फळी सुटली तर काय होतं, ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

असं असताना ते "बरा आसा" का म्हणाले?

एकच उत्तर परत परत येतंय. ही होडी पाण्यात जाणारच नाही असं त्यांनी धरलेलं आहे. पोरगी मुंबईहून आली आहे, तिचं काय ते व्हायचं ते होऊ दे, हात चालू राहिले की मन लागतं. मग कशाला बोला.

दादाची गाठ चुकली तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर चारचौघांत त्यांनी ती सोडून दोरी त्याच्या अंगावर फेकली होती. दादा दोन दिवस जेवला नव्हता. मी तेव्हा नववीत होते आणि मला दादाची दया आली होती. आज मला त्या दोरीचा हेवा वाटतो. पर्यटकांची मुलं होडीत बसून वल्हं पाण्यावर आपटायची, पाणी उडवायची, आणि त्यांचे आईबाप कौतुकाने बाबांकडे बघायचे. बाबा हसून म्हणायचे, "बरा आसा." तेच शब्द. मला पाहुण्यांच्या पोरांत बसवलं त्यांनी.

तीन आठवडे मी या होडीखाली उताणी पडून आहे. तौक्ते वादळाच्या दिवशी, 16 मे 2021 ला, माडावर आपटून तिच्या कुशीला पडलेली चीर मी दोन्ही बाजूंनी उतरती घासली. साडेचारशे ग्रामच्या फायबर मॅटचे तीन थर दिले, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, आणि लोखंडी रोलरने एकेक बुडबुडा बाहेर काढला. पहाटे पाचला उठते, कारण नऊनंतर उन्हात रेझिन हातातच जमतं. एकदा हार्डनर जरा जास्त पडला तर डबा इतका तापला की धूर निघायला लागला. रेझिन जमावं म्हणून त्यात घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांना थेट कधी भिडवायचे नाहीत, भडका उडतो, म्हणून दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवल्या. हे सगळं कोणी शिकवलं नाही. विचारत गेले, वाचत गेले, चुकत गेले.

हे तरी कोणी केलं असतं? भंगारवाला आला होता तेव्हा मशीनचा सांगाडा आणि कड्या उचलायला तयार होता, होडीला हात लावेना. फायबर वितळत नाही, विकलं जात नाही. दादा म्हणाला, कापून मागच्या परड्यात पुरू. आजोबांची लाकडाची होडी मोडली तेव्हा ती दोन पावसाळे न्हाणीच्या चुलीत जळली आणि आम्ही सगळे तिच्या पाण्याने न्हालो. हिला तेवढंही नाही. ही मोडली तरी मोडत नाही, चार वर्षं ताडपत्रीखाली तशीच पडून राहते. आणि घरातलं प्रत्येक जण तिला वळसा घालून विहिरीवर जातं.

नावाची अक्षरं मी अजून घासलेली नाहीत. ते नाव… असो. त्यावर आज नको.

सारखं वाटतंय की ते ओरडले असते तर बरं झालं असतं. 'ह्या काय करून ठेवलंस' म्हणाले असते तर मी उलट बोलले असते, रडले असते, आणि मग आम्ही दोघं त्या फळीसमोर उभे राहिलो असतो. आता मी एकटीच उभी आहे.

पटाशी कुठे ठेवली होती मी?

पावणेदोन

लिहिता लिहिता उठले आणि खळ्यात गेले. पडवीतला बल्ब लावला, बॅटरी काठावर आडवी ठेवली. माझीच दहा दिवसांपूर्वीची लांबी पटाशीने उडवायला घेतली. चांगली बसली होती, निघताना जड गेलं. तिच्याखाली बाबांचा निळा रंग. निळ्याखाली दोन करडे गोल, नाण्याएवढे, एकाखाली एक. एम-सील.

बॅटरी जवळ नेली. खालच्या गोलावर अंगठ्याचा ठसा होता. ओलं असताना दाबून बसवलेलं. ठशाच्या मधोमध एक आडवी रेघ, उजवीकडे जरा खाली उतरलेली. तो अंगठा मी ओळखते. मी चौथीत असताना त्यात गळ घुसला होता आणि आईने हळद भरून फडकं बांधलं होतं. ती रेघ अजून आहे. आज संध्याकाळी नाणं धरणारा अंगठा तोच होता.

पटाशीचं टोक लावलं तर गोल अख्खाच निघून हातात आला. मागोमाग पाणी. तपकिरी, दाट, एक धार, मग थेंब थेंब. खाडीत कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा वास खळ्यात पसरला. भोकात बोट घातलं तर प्लाय तंबाखूसारखा चुरून नखात आला. चार वर्षं ताडपत्रीखाली कोरडी ठेवलेली होडी, आणि तिच्या पोटात अजून समुद्र होता.

किती वेळ तो गोल हातात घेऊन बसले होते, सांगता येणार नाही. मघाशी जे मनात धरलं होतं ते सगळं जागेवरून हललं. त्यांना आवाज ऐकू आला एवढंच नव्हतं. तो कशाचा आहे, हे त्यांना माझ्याआधी कितीतरी वर्षं माहीत होतं. माझी लांबी त्यांच्या लांबीवर बसली होती. संध्याकाळचे ते दोन शब्द माझ्या कामाबद्दल होते की त्यांच्या, आता मला सांगता येत नाही. कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं. मघापासून छातीत जे घट्ट बसलं होतं ते जरा सैल झालं. राग गेलेला नाही, पण आता तो फक्त त्यांच्यावरच ठेवता येत नाही.

हातोडीच्या आवाजाने ते उठले असणार. काठी टेकत आले. मी गोल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, बॅटरी घेऊन भोकात बघितलं.

"पयल्या मशीनीची भोकां ती," म्हणाले. मग बराच वेळाने, "सीजन चालू होतो."

मी म्हटलं, आतली बाजू कापून सगळा प्लाय काढावा लागेल. ते हूं म्हणाले. मी सांगत गेले. या वेळी बोल्टापेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट रेझिनने भरायचं, ते कडक झालं की त्याच्या मधून बोल्टाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्टाचा आणि लाकडाचा संबंधच येत नाही, पाणी आलं तरी रेझिनशीच थांबतं. त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदा, भोक किती मोठं, एवढंच विचारलं.

"आमका ह्या कोणी सांगूक नाय," म्हणाले.

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. माझ्या घशात काहीतरी आलं. संध्याकाळी तसं का म्हणालात, हे विचारायचं ओठावर होतं. विचारलं नाही. उद्याही विचारेन असं वाटत नाही.

ते आत जायला वळले आणि थांबले. काठावरचं नाणं उचललं. बॅटरी माझ्या हातात दिली आणि उजव्या कुशीवर वाजवत निघाले, मी बाजूने उजेड धरत. टक्, टक्. जिथे आवाज बदलला तिथे थांबायचे, "हंय" म्हणायचे, आणि मी चुलीतल्या कोळशाने गोल काढायची. नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, वळसा घालून डाव्या कुशीने परत आलो. चार गोल झाले. तौक्तेच्या चिरेवर, माझ्या तीन थरांवर, ते हळू आणि जवळजवळ वाजवत गेले. तिथे कुठेही थांबले नाहीत. काही म्हणालेही नाहीत.

पाचवा गोल मागच्या फळीपासून हातभर पुढे, पाण्याच्या रेषेखाली आहे. तिथे मी परवाच लांबी भरली होती. त्यांनी दोनदा वाजवलं, माझ्याकडे बघितलं.

"हीपण काढ," म्हणाले.

सकाळी कुडाळला जायचं आहे. प्लाय, आणखी दहा किलो रेझिन, मॅट. पाऊस लवकर आला तर खळ्यावर मांडव घालावा लागेल, बांबू दादाकडे आहेत. बाबा म्हणाले, साडेसहाच्या एसटीने जाऊ. 'जाऊ' म्हणाले.