तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर

शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात या आजी वीसेक वर्षांपासून येतात. वय ७९, पोस्टातून निवृत्त. हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालंय, संध्याकाळी पावलं सुजतात, वाड्याचा जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. त्या दिवशी बरोबर लेक होती, बाणेरहून आलेली. तिनं आईसाठी तपासण्यांचं पॅकेज घेतलं होतं, त्यात मॅमोग्राफीही होती, म्हणजे कॅन्सर शोधायला काढलेला स्तनांचा एक्स-रे.

"एकदा करून टाकू, म्हणजे काळजी मिटली," ती म्हणाली.

मी आजींकडे बघितलं. "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर."

हे वाक्य मी रोज ऐकते. काही वर्षांपूर्वी ऐंशीच्या एका बाई असंच म्हणाल्या आणि मी चिठ्ठी लिहून मोकळी झाले. फोटोत काहीतरी पांढरं दिसलं, पुन्हा फोटो काढले, मग सुईनं तुकडा काढून तपासला. निघालं काहीच नाही. पण ते पाच आठवडे त्या धड झोपल्या नव्हत्या, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं. विचारायला हवं होतं मी. अजून सलतं ते.

म्हणून खुर्ची आजींजवळ ओढली. आधी गाठ, स्तनाग्रातून स्राव, कातडीला खळगा, असं काही आहे का ते विचारलं. असतं तर वय बघायचंच नसतं, तपासणी लगेच करायची. त्यांना काहीच नव्हतं.

मग सांगितलं, की काहीही त्रास नसताना केलेल्या मॅमोग्राफीचा फायदा लगेच पदरात पडत नाही. हजार बायकांची तपासणी केली, तर त्यांतल्या एकीचा मृत्यू टळायला साधारण दहा वर्षं जावी लागतात. काहींना मात्र असा कॅन्सर सापडतो, जो आयुष्यभर त्रास देणारच नसतो, आणि तरी ऑपरेशन होतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची २०२४ची शिफारस ४० ते ७४ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करा अशी आहे. ७५च्या पुढे करा किंवा करू नका, हे सांगण्याइतका पुरावा नाही, असं तेच म्हणतात. (रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या बहात्तरच्या बाई समोर असत्या, तर मी बहुतेक "करून घ्या" म्हटलं असतं. पण त्यांनाही विचारूनच.)

आजींनी मान हलवली. "म्हणजे दहा वर्षांची मुदत ठेव."

"डॉक्टर, दहा वर्षं नाहीत असं सांगताय का तुम्ही आईला?" लेकीचा आवाज चढला.

मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात आजीच बोलल्या. "मला माहितीय गं माझं हृदय." मग बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीनं छातीतली गाठ लाजेपायी दोन वर्षं लपवली होती. दाखवली तेव्हा ती जखम होऊन वाहत होती. लेकीला हे ठाऊकच नव्हतं, मावशी "पोटाच्या दुखण्यानं" गेली असं तिला सांगितलं होतं.

"मशीन नको मला. पण कुणीतरी हातानं बघावं असं वाटतं. स्वतःहून बोलायचा धीर होत नव्हता."

पडदा ओढून मी नीट तपासलं, काखेपर्यंत. मुंबईत टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांवर वीस वर्षं केलेला अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर दोन वर्षांनी अशी हातानं तपासणी केल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. आजींच्या वयाच्या बायका त्यात नव्हत्या, तेही त्यांना सांगितलं. हाताला काही लागलं नाही. मग त्यांचीच तीन बोटं धरून दाखवलं, कसं दाबायचं, काय वेगळं वाटलं तर यायचं. लेकही पडद्याआड आली आणि आईच्या बोटांकडे बघत उभी राहिली.

केसपेपरवर मी लिहिलं : "मॅमोग्राफी नको, हा रुग्णाचा निर्णय. बदल जाणवल्यास लगेच येणे."

आजींनी चष्मा लावून वाचलं. "रुग्णाचा" शब्दावर बोट ठेवलं, तो मला खोडायला लावला आणि तिथं आपलं पूर्ण नाव लिहायला सांगितलं.