मालवणच्या खडपावरचा उन्हाळा : प्रवाळांच्या रंगाच्या नोंदी, फेब्रुवारी ते मे

पाऊस लागला, पाणी गढूळलं, होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या. आता ऑक्टोबरपर्यंत पाण्यात उतरणं नाही, तेव्हा उन्हाळाभर जे टिपलं ते सविस्तर मांडतो.

नव्यांसाठी आधी थोडक्यात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडपावर (पाण्यातल्या खडकाळ भागावर), कमरेएवढ्या पाण्यापासून पुरुष-दीड पुरुष खोलीपर्यंतच्या काही ठरलेल्या प्रवाळ वसाहती, म्हणजे पॉलिप नावाच्या इवल्या जीवांचे समूह, मी पाहतो. खुणा सगळ्या खडकांच्या आकारावरून ठेवल्या आहेत. खिळा नाही, टॅग नाही, हात लावणं नाही. हे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये येतात. साधनं तीनच : क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा रंगतक्ता, थर्मामीटर आणि पाण्यात चालणारा कॅमेरा. तक्त्यावर चार रंगांच्या रांगा आणि प्रत्येकीत फिक्यापासून गडदपर्यंत सहा छटा असतात. वसाहतीचा सगळ्यांत फिका आणि सगळ्यांत गडद भाग छटेशी जुळवून लिहायचा. दोन घरांचा फरक पडला, तर प्रवाळाला रंग देणारी आतली सूक्ष्म शैवालं किंवा त्यांचं हरितद्रव्य कमी झालं असं धरतात. माझ्या बहुतेक वसाहती डी रांगेत बसतात : डी1 सगळ्यांत फिकी छटा, डी6 सगळ्यांत गडद.

फेब्रुवारीत पाणी 28 अंशांच्या आतबाहेर होतं. तेव्हा जवळजवळ सगळीकडे डी5, एखाददुसरी डी4. मार्च तसाच गेला. एप्रिलच्या मध्यापासून पारा 30 च्या वर राहू लागला. आमचे होडीवाले मामा पाण्यात हात घालून म्हणाले, “यंदा पाणी खूप गरम आसा.” तक्ता मात्र अजून डी5 च दाखवत होता. या एप्रिलच्या डी5 कडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण या वर्षीच्या नोंदीतली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे.

मे उजाडला आणि टर्बिनेरिया या प्रवाळाची एक वसाहत पालटली. ही ताटासारखी पसरट वाढते आणि तिची एक कड खडकाच्या सावलीत जाते. उघड्यावरचा भाग दोन आठवड्यांत डी5 वरून डी2 वर आला, सावलीतली कड डी4 वर टिकून राहिली. मॅक्रो लेन्सने घेतलेल्या फोटोत एकेक पॉलिप स्वच्छ दिसतो : ऊती काचेसारखी पारदर्शक, तिच्यातून खालचा चुनखडीचा सांगाडा पांढराफेक, आणि फक्त स्पर्शकांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उरलेले. पॉलिप जिवंत होता, सावली पडली की स्पर्शक आत घेत होता. पांढरं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ नव्हे, हे कितीदा सांगितलं तरी थोडंच आहे. मेल्यावर त्यावर हिरवट शेवाळाची साय धरते. ती इथे नव्हती.

एकाच वसाहतीत असा भेद का पडतो? ही शैवालं प्रवाळाच्या पेशींच्या आत राहतात. एकेकीचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि चौरस सेंटिमीटरला संख्या दहा लाखांच्या घरात. त्यांनी उन्हावर केलेली साखर प्रवाळाची 90 टक्क्यांपर्यंत गरज भागवते. पाणी तापलं की त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतल्या फोटोसिस्टिम 2 ची रोजची दुरुस्ती मागे पडते. ऊन मात्र ओतत असतंच. न वापरल्या गेलेल्या त्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, पेशी पोळतात, आणि प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतं किंवा आतल्या आत पचवतं. म्हणजे उष्णता आणि प्रकाश मिळून हे घडवतात. सावलीतल्या कडेला तेवढंच गरम पाणी मिळालं, पण ऊन कमी. शैवालं गरम पाण्यात बाहेर टाकली जातात हे यंग आणि निकोल्स यांनी 1928-29 च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेत पाहिलं होतं. तेव्हा याची जगभर साथ येईल असं कुणाच्या मनातही नसेल.

इथे आपल्या भरती-ओहोटीचा मुद्दा येतो, आणि कोकणच्या खडपासाठी तो मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे पुनवेला-अवसेला उधाणाची भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, म्हणून तळ उघडा पाडणारी सुकती सकाळ-संध्याकाळी. त्यामुळे भर दुपारी प्रवाळांच्या डोक्यावर भरपूर पाणी असतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो तेव्हा गणित उलटतं. ओहोटी तेवढी खोल जात नाही, पण ती नेमकी दुपारी येते, आणि हलतं पाणीही कमी. मेमधल्या भांगाच्या दुपारी उथळ खाचेत थर्मामीटरने 33 दाखवलं, त्याच वेळी बाहेरच्या खोल बाजूला 31. उपग्रहाच्या आकड्यात हा फरक सापडत नाही. तो आकडा मी पाहतो जरूर : जिथल्या तिथल्या सगळ्यांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश किंवा अधिक जास्त तापलेले आठवडे मोजून ‘डिग्री हीटिंग वीक्स’ काढतात, 4 झाले की ब्लीचिंगची, म्हणजे शैवालं जाऊन प्रवाळ पांढरं पडण्याची, धास्ती, 8 झाले की मरतूक. पण खाचेतल्या पॉलिपला सोसावं लागतं ते खाचेतलं पाणी.

आता एप्रिलचा तो डी5.

2021 मध्ये नील्स राडेकर आणि सहकाऱ्यांनी लाल समुद्रातल्या स्टायलोफोरा प्रवाळावरचं काम प्रसिद्ध केलं. एरवी प्रवाळ शैवालांना नायट्रोजन तुटपुंजा मिळेल असं ठेवतं. नायट्रोजन नाही म्हणून शैवालांना फार वाढता येत नाही, आणि उरलेली साखर प्रवाळाला मिळते. पाणी तापलं की प्रवाळाचा स्वतःचा खर्च वाढतो, ते अमिनो आम्लं जाळायला लागतं आणि त्यातून अमोनियम सुटतो. तो शैवालांच्या हाती पडतो. मग ती साखर स्वतःच्या वाढीला वापरतात. कुळाच्या शेतात पीक जोमात आणि मालकाकडे खंडाचा दाणा नाही, अशी ही अवस्था. आणि हे सगळं रंग उडायच्या आधी. प्रवाळ बाहेरून गडद, सुदृढ दिसतं आणि आतून उपाशी असतं.

हे वाचल्यापासून मी तक्त्यावरच्या गडद छटेवर विसंबून राहायचं सोडलं आहे. एप्रिलमध्ये पारा 30 च्या वर असताना आलेला डी5 आणि फेब्रुवारीतला डी5 यांना मी वहीत एकसारखं मानत नाही. छटेशेजारी आता तापमान, भांग की उधाण, आकाश ढगाळ की निरभ्र हे लिहितो. आणि एक नवी नोंद सुरू केली : पहाटेच्या सुकतीला, उजाडायच्या आत, लाल प्रकाशाच्या बॅटरीने पाहायचं की पॉलिपनी स्पर्शक बाहेर काढलेत का. शैवालांकडून येणारं कमी झालं तर प्लवक पकडून खाणं हाच प्रवाळाचा आधार उरतो. फिकी पडलेली टर्बिनेरिया पहाटे पूर्ण फुललेली दिसली, तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. शेजारचा पोराइट्स या प्रवाळाचा गोळा मात्र चिकट स्राव सोडून मिटलेला होता, तोही रंगाने डी4 असताना. त्याची मला जास्त काळजी आहे.

शैवालं कोणत्या जातीची, हेही इथे महत्त्वाचं. 2018 पासून त्यांच्या जुन्या गटांना स्वतंत्र प्रजातींची नावं मिळाली : क्लाडोकोपियम, ड्युरुस्डिनियम वगैरे. ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये बर्कलमन्स आणि व्हॅन ऑपन यांनी दाखवलं की ड्युरुस्डिनियमचं प्रमाण वाढलं की प्रवाळ 1 ते 1.5 अंश जास्त तापमान सोसतं. बदल्यात वाढ मंदावते. इराणच्या आखातातल्या प्रवाळांत क्लाडोकोपियम थर्मोफिलम आहे आणि ती 35 अंशांचे उन्हाळे काढतात. तक्त्यावरून हे ओळखता येत नाही, त्याला डीएनए लागतो, तेव्हा रंग परतला म्हणून जुनीच शैवालं परतली असं कुणी लिहू नये.

मालवणला हे नवं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2014 ते 2019 या काळात इथे पुन्हा पुन्हा झालेल्या ब्लीचिंगचा अभ्यास केला आहे. एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं, त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. आपल्या खडपाला गढूळ पाण्याची थोडी सावली मिळते, हा त्याचा एक आधार असावा असं मला वाटतं. पण तोच गाळ पॉलिपवर बसला की झाडायला ऊर्जा लागते, आणि ती उपाशी प्रवाळाकडे नसते.

मेच्या शेवटी ढग दाटले, पाणी 30 च्या खाली उतरलं, टर्बिनेरियाचा उघडा भाग डी2 वरच होता. पोराइट्सच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढा पट्टा साय धरल्यासारखा दिसला, तो फोटोत खुणेसह ठेवला आहे.

ऑक्टोबरमध्ये पाणी निवळलं की पहिली फेरी या दोघांचीच. उन्हातला आणि सावलीतला भाग वेगळा लिहिणार, पहाटेचे स्पर्शकही. रत्नागिरी किंवा रेडीकडे कुणी खडपावर जात असेल, तर पुढच्या एप्रिल-मेमध्ये भांगाच्या दुपारी उथळ खाचेतलं आणि बाहेरचं तापमान एकाच वेळी टिपून ठेवा. तीन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवता आले, तर उथळ खाचांना किती जास्त सोसावं लागतं हे नीट मांडता येईल.