बॅटरीत अडकलेले तीन सेल

घट बसायच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या दुकानाची सुगी. घरोघरचे माळे उपसले जातात आणि भिंतीवरची घड्याळं, रिमोट, बंद पडलेले ट्रान्झिस्टर माझ्या टेबलावर येऊन पडतात. निम्म्या वस्तूंत बिघाड असा नसतोच. आत सेल फुटून त्यानं स्प्रिंग खाल्लेली असते, एवढंच.

त्या दुपारी एक आबा आले. पिशवीतून त्यांनी हातभर लांब पितळी बॅटरी काढली. (शहरात टॉर्च म्हणतात, शाळेच्या पुस्तकात विजेरी. आमच्या सातारा भागात ती बॅटरीच आणि आत घालायचे ते सेल.) तीन मोठ्या सेलची, निकेलचा मुलामा जागोजागी उडालेला.

"वडलांची हाय. रातच्या पाण्याला हीच घिऊन जायाचे. आतलं सेल तेवढं काढून द्या."

तेवढं! मागचं झाकण जागचं हलेना. आट्यांवर तेल सोडलं, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जोर लावला. अर्ध्या तासानं झाकण निघालं ते स्प्रिंगचे दोन तुकडे घेऊनच. आत शेवटच्या सेलचं बूड चाळणीसारखं झालेलं. त्यातून तपकिरी ओल झिरपून नळीला चिकटलेली, आणि पितळ असं हिरवं पडलेलं की कळकलेल्या भांड्याची आठवण व्हावी.

पोऱ्या म्हणाला, "हीटगन मारू का?" मी ओरडलोच. बंद सेल तापवला तर आत वाफ कोंडून तोंडावर फुटेल.

या जुन्या स्वस्त सेलची गंमत अशी की जस्ताचा डबा हाच डबाही असतो आणि वीज तयार होताना झिजणारा मालही तोच. वापरता वापरता डबा पातळ होतो, शेवटी भोकं पडतात. आतला लगदा नवसागराचा, कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकायचा तोच नवसागर. त्याची ओल आंबट गुणाची, म्हणून तिच्यावर खाण्याचा सोडा चालतो. अल्कलाइन सेलची पांढरी पूड नेमकी उलट, ती क्षार. तिला लिंबू किंवा व्हिनेगर. मी पहिली पाच-सहा वर्षं सगळ्यालाच सोडा चोळत होतो आणि पांढरं का जात नाही म्हणून वैतागत होतो. एकदा एका रिमोटमधली ती पूड ओल्या बोटाला लागली. आधी बोट साबण लावल्यासारखं बुळबुळीत झालं, मग तासाभरानं चुरचुरायला लागलं. तेव्हा कुठे अक्कल आली.

असो. मागून ठोकून काही होईना, म्हणून पुढचं तोंड उघडलं. काच, आरसा, बल्ब बाजूला केले, की समोर पहिल्या सेलची पितळी टोपी. चष्मा चढवला, हातमोजे घातले. टोपी पकडीनं उचकटली, मधली कार्बनची कांडी हळूच ओढून काढली. त्या भोकात लांब लाकडी स्क्रू पिळला, त्याचं डोकं व्हाइसमध्ये आवळलं आणि बॅटरी दोन्ही हातांनी मागे खेचली. पहिला सेल काळा मसाला सांडत आला. दुसराही तसाच. हे असलं धाडस फक्त या मेलेल्या जुन्या सेलवर. लिथियमच्या सेलला मी स्क्रू दाखवतसुद्धा नाही.

तिसरा मात्र पितळेला घट्ट धरून बसलेला. सोड्याचं कोमट पाणी ओतलं, फसफसलं, तसंच उभं ठेवलं. आबा बाकावर बसून राहिले. मी काढलेल्या कांड्या त्यांनी उचलल्या, फडक्यानं पुसल्या. "ह्येनं आमी भितीवर रेघा वडायचो," म्हणाले, आणि दोन्ही खिशात टाकल्या.

पाचच्या सुमारास हातोडीच्या तुटक्या दांड्यानं पुढून दणका दिला, आणि तिसरा सेल थप्पकन वर्तमानपत्रावर पडला.

नळी घासली, बटणाची पट्टी पॉलिश पेपरनं चकचकीत केली, नवी स्प्रिंग बसवली. ३.८ व्होल्टचा बल्ब जुन्या डब्यात एक शिल्लक निघाला. एलईडी बसवू का विचारलं तर आबांनी नुसती मान हलवली. समोरच्या गल्लीतल्या भिंतीवर पिवळा गोल उमटला.

"दीडशे झाले."

"दीडशेत नवी यील की!" असं म्हणत त्यांनी शंभराची नोट ठेवली. मी घेतली.

"आबा, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवत जा."

"आन् लाइट गेल्यावर सेल अंधारात हुडकत बसू व्हय?" म्हणाले, आणि बॅटरी काखेत मारून एसटी स्टँडकडे निघाले.