केमन, एमिरा की ए११०? मिड-इंजिन गाडी निवडतानाचा माझा अनुभव

स्टुटगार्टमध्ये राहून स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की ती पोर्शेच असणार, असं इथे सगळे धरूनच चालतात. कारखाना शहराच्या हद्दीतच, त्सुफेनहाउझेनला. ऑफिसमधल्या प्रत्येकाचा कुणी मामा, कुणी शेजारी तिथे नोकरीला. मीही मनात पोर्शे केमन धरूनच शोध सुरू केला होता. घरी आली ती मात्र फ्रान्सच्या किनाऱ्यावर द्येप गावात बनलेली आल्पीन ए११०. हे कसं घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा गाड्यांबद्दल मराठीत बहुतेक वेळा कमाल वेग आणि किंमत एवढंच वाचायला मिळतं, आणि निवड करताना मला या दोन आकड्यांचा सगळ्यात कमी उपयोग झाला.

माझं कामच गाड्यांच्या सस्पेन्शनचं. सुरुवात चाकणला झाली, आता बरीच वर्षं जर्मनीत आहे. पुण्यात असताना अशी गाडी घ्यायचा विचारही केला नव्हता. पूर्ण बनून येणाऱ्या परदेशी गाडीवरचं आयात शुल्कच तिची किंमत दुपटीच्या पलीकडे न्यायचं. इथे चार-पाच वर्षं वापरलेली गाडी नव्या मोठ्या एसयूव्हीपेक्षा कमी पैशांत मिळते, तेव्हा हिशेब जमला.

मिड-इंजिनच का, हा प्रश्न घरातूनच आला. अशा गाडीत इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे असतं, म्हणजे सगळ्यात जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन गर्रकन वळून बघा, एकदा हात लांब पसरून आणि एकदा अंगाशी धरून. दुसऱ्या वेळी वळणं किती सोपं जातं ते लगेच कळतं. गाडीचंही तेच. स्टिअरिंग फिरवलं की नाक ताबडतोब आत शिरतं. मागचं सीट मिळत नाही, इंजिनापर्यंत सहज हात पोहोचत नाही, आणि पकड सुटलीच तर गाडी फिरतेही तेवढ्याच झटकन. हे सगळं मान्य करूनच मी यादी केली.

यादीत तीन नावं राहिली. पोर्शे ७१८ केमन (केमनची नवी पिढी), आल्पीन ए११० आणि लोटस एमिरा. लोटस एलिसवर माझं कॉलेजपासून प्रेम. १९९६ ते २०२१ अशी पंचवीस वर्षं बनलेली ती गाडी म्हणजे हलकेपणा कसा साधावा याचा पाठ आहे. पण मला उन्हाळाभर रोज ऑफिसला जायचं होतं, आणि एलिसमध्ये शिरताना आणि उतरताना जी कसरत होते ती रोज नको वाटली. सहा सिलिंडरची जुनी केमन, २०१३ ते २०१६ मधली, तीही थोडे दिवस यादीत होती. पण चांगल्या सांभाळलेल्या गाडीला मालक नव्याच्या जवळपास किंमत सांगत होते. त्यात साधी पेट्रोलवरची ७१८ सायबरसुरक्षेच्या नव्या नियमांमुळे २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या बाजारातून गेली, त्यामुळे जुन्या केमनचे भाव उतरायची चिन्हं नव्हतीच.

कागदावर या तिघी अशा दिसतात. साध्या ७१८ ला दोन लिटरचं चार सिलिंडरचं बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेलं) टर्बो, ३०० अश्वशक्ती, वजन साधारण १३५० किलो. ए११० ला १.८ लिटर टर्बो, २५२ अश्वशक्ती, वजन अकराशे किलोच्या आसपास. एमिराला टोयोटाकडून आलेलं साडेतीन लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही६, चारशेच्या घरात अश्वशक्ती, आणि वजन चौदाशेच्या वर. शून्य ते शंभर तिघीही साडेचार-पाच सेकंदांच्या आसपास गाठतात, तेव्हा त्या रकान्यावरून काहीच ठरत नाही. वजनाचा रकाना मात्र मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. ए११० आणि केमनमधला अडीचशे किलोंचा फरक म्हणजे तीन-चार मोठी माणसं. ती माणसं प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला तुमच्याबरोबर असतात.

तुलना करायची तर रस्ता एकच हवा, हे मी आधीच ठरवलं होतं. विक्रेते बहुधा शोरूमभोवती पंधरा मिनिटांची फेरी देतात. त्यात गाडीचं नवेपणच मनात भरतं, गाडी समजत नाही. मी फोनवरच सांगायचे की मला दीड-दोन तास हवेत, इंधन माझं, हवं तर अनामत घ्या. काहींनी नकार दिला, तिथे गेलेच नाही. रस्ता असा होता: आधी गावातले दगडी फरसबंदीचे रस्ते, मग ए८ महामार्गावर १३० च्या वेगाने काही अंतर, आणि नंतर बाड उराखच्या बाजूने श्वेबिश आल्बच्या पठारावर चढणारा घाट. त्या घाटात वळणं ताम्हिणीसारखी एकामागून एक येतात, डांबर मात्र ठिकठिकाणी ठिगळं लावलेलं. परतताना सुपरमार्केटच्या तळघरातलं पार्किंग. निघण्याआधी थंड टायरमधली हवा माझ्याच गेजने मोजायची. ०.३ बारचा फरकही स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो, आणि विक्रीला उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरमधली हवा क्वचितच बरोबर असते.

केमनबद्दल वाईट बोलण्यासारखं फार थोडं आहे. ब्रेक, गिअरचा दांडा, बसण्याची ठेवण, सगळं जिथल्या तिथे. महामार्गावर ती रुळावर असल्यासारखी धावते. चार सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज मात्र मला रुचला नाही, हाताने चालू होणाऱ्या शेतातल्या इंजिनाची आठवण देणारा तो खडखडाट रोज कानामागे ऐकायची माझी तयारी नव्हती. २०२० पासूनची सहा सिलिंडरची चार लिटरची जीटीएस, म्हणजे केमनचाच वरचा प्रकार, घेतली की हा प्रश्न मिटतो, पण तिची किंमत माझ्या आवाक्याबाहेर. खरी अडचण घाटात कळली. मॅन्युअल केमनचे गिअर इतके लांब आहेत की दुसऱ्यातच ती शंभरच्या पुढे जाते, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर इथली मर्यादाच शंभर. गाडी कायद्याच्या वेगात अर्धी झोपलेली वाटत राहिली. तिला जागं करायचं तर लायसन्स पणाला लावावं लागतं.

त्याच घाटात ए११० ने मला पहिल्या तीन-चार वळणांतच पटवलं. इथे थोडं माझ्या विषयाचं सांगते. गाडी हलकी असली की स्प्रिंग मऊ ठेवता येतात. पण मऊ स्प्रिंगवर गाडी वळणात कलते, आणि कलली की टायर तिरपा होऊन त्याची जमिनीवरची पकड घटते. केमनला पुढे-मागे स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात बसवून चाक त्यालाच जोडलेलं. स्ट्रटच्या रचनेत गाडी कलताना चाकाचा कोन फार राखता येत नाही, म्हणून गाडी कलूच नये अशी ती ताठ ठेवावी लागते. आल्पीनने चारही चाकांना डबल विशबोन दिले, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा. चाक वरखाली होताना या दोन भुजा त्याचा कोन सांभाळतात, त्यामुळे गाडी कलली तरी टायर सपाट टेकलेला राहतो. याचा अर्थ असा की ठिगळं लावलेल्या डांबरावर, ऐन वळणात खड्डा आला तरी ए११० उडत नाही, ती तो गिळते आणि पुढे जाते. टायरही अरुंद, पुढे २०५, मागे २३५ मिलिमीटर. केमनला पुढेच २३५. पकड कमी म्हणून कुणाला हे उणं वाटेल. मला उलट ऐंशीच्या वेगातही पकडीची सीमा जवळ आलेली हाताला कळत होती, आणि ती हळूहळू येते, दगा देत नाही.

एमिराचं स्टिअरिंग तिघींत सर्वात बोलकं. अजूनही हायड्रॉलिक आहे, आणि रस्त्याचा कण न् कण हातात येतो. गिअर टाकण्याचा आनंदही तिचाच सगळ्यात मोठा. लोटसची ही शेवटची पेट्रोल गाडी म्हणून २०२१ मध्ये जाहीर झाली तेव्हापासून मी तिचे फोटो जपून ठेवले होते. पण आरशांविना ती जवळजवळ १.९ मीटर रुंद आहे. घाटाखालच्या गावांत समोरून ट्रॅक्टर आला की मला प्रत्येक वेळी थांबावं लागलं. ए११० तिच्यापेक्षा दहा सेंटिमीटर अरुंद आणि वीसहून अधिक सेंटिमीटर आखूड. अशा रस्त्यावर एवढ्या फरकाने वळणात स्वतःची ओळ निवडायला जागा मिळते, आणि माझं चालवणं बहुतेक याच रस्त्यांवर होणार होतं.

मग आई. ती दर उन्हाळ्यात दोन महिने आमच्याकडे येते आणि तिचे गुडघे दुखतात. शोधाच्या दिवसांत ती इथेच होती, म्हणून तिला बरोबर नेलं. एमिराच्या रुंद उंबऱ्यावरून तिला पाय आत घेता येईना. केमनमध्ये ती सहज बसली. ए११० मध्ये बसताना खाली वाकावं लागलं, पण बसल्यावर म्हणाली, "अगं, ही आत छान आहे, पण माझी बॅग कुठे ठेवणार?" प्रश्न रास्त होता. केमनला पुढची आणि मागची डिकी मिळून सव्वाचारशे लिटर जागा, ए११० ला दोन्हीकडे मिळून दोनशेही नाही. मागची डिकी इंजिनाला लागून, तिथे ठेवलेली भाजी घरी येईपर्यंत कोमट होते. दोघांचं दोन दिवसांचं सामान मऊ पिशव्यांत बसतं, विमानतळावरून आईला आणायला मात्र नवऱ्याची स्टेशन वॅगनच न्यायची हे तिथेच ठरलं.

माझी उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे सीटची बाब मी सोडून देऊ शकत नव्हते. ए११० च्या हलक्या एकसंध सीटची पाठ मागेपुढे होत नाही आणि उंची बदलायची तर बोल्ट सोडवून पान्याने बदलावी लागते. लेजांद या प्रकारात मात्र नेहमीसारखी हलवता येणारी सीट आहे. वजन थोडं वाढतं. मी लेजांदच शोधायची ठरवली. उंची कमी असलेल्या प्रत्येकीला हेच सांगेन, आधी सीट, मग रंग आणि बाकी सगळं.

क्लचचा प्रश्न सर्वांत जास्त दिवस राहिला. ए११० फक्त सात गिअरच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये मिळते, क्लचचं पेडलच नाही. मी कात्रजच्या घाटात गाडी शिकले, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं हे मला अजूनही एक कौशल्य वाटतं. नवरा म्हणाला, "तुला गिअर बदलायला आवडतं की वळायला?" दोन्ही आवडतं. पण एकच निवडायचं तर वळणं, हे उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही.

प्रत्यक्ष गाडी तपासताना या तिघींची तऱ्हा निराळी आहे, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. रंगाचा थर मोजायचं साधं चुंबकीय यंत्र लोखंडी पत्र्यावरच चालतं. ए११० ची चासी आणि बॉडी ॲल्युमिनियमची, तिला एडी करंटवर, म्हणजे धातूत निर्माण केलेल्या विजेच्या भोवऱ्यांवर चालणारं यंत्र लागतं. केमनमध्ये लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही आहे, म्हणून दोन्ही मोजणारं यंत्र हवं. एमिराचे बाहेरचे भाग धातूचे नाहीत, कॉम्पोझिटचे (तंतू घातलेल्या प्लास्टिकचे), तिथे ही दोन्ही यंत्रं गप्प बसतात आणि डोळ्यांवरच भिस्त. एका विक्रेत्याने अपघात न झालेली म्हणून दाखवलेल्या ए११० च्या मागच्या मडगार्डवर माझ्या यंत्राने बाकी अंगाच्या दुपटीहून जास्त थर दाखवला. दुरुस्तीची कागदपत्रं मागितल्यावर उत्तरं फिरू लागली, तेव्हा मी निघाले. चिकटवून आणि रिव्हेट मारून जोडलेली ॲल्युमिनियमची चासी ठोकून सरळ होत नाही, ते काम जाणणारी वर्कशॉपं थोडीच असतात, म्हणून इथे कागद नसेल तर गाडी नाही.

मॅन्युअल केमन घेणाऱ्यांनी इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधला ओव्हर-रेव्हचा अहवाल जरूर मागावा. चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरलं असेल तर त्याची नोंद टप्प्याटप्प्याने तिथे राहते, आणि डायग्नोस्टिक यंत्रावर ती वाचता येते. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष, तेही बघावेत. कमी चाललेल्या अशा गाड्यांचे टायर झिजत नाहीत, पण वयाने कडक होतात.

मला आवडलेली निळी लेजांद एका विक्रेत्याकडे मिळाली. वापरलेल्या गाडीलाही विक्रेत्याला वर्षभराची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते, खासगी मालक ती करारात नाकारू शकतो, म्हणून थोडे पैसे जास्त देऊन विक्रेत्याकडूनच घेतली. खरेदीआधी तटस्थ तपासणी करून घेतली. नोंदणीचं काम सोपं झालं: विम्याचा क्रमांक, गाडीचे दोन दाखले, ओळखपत्र, आणि हातात प्लेट. मी मार्च ते ऑक्टोबरची हंगामी प्लेट घेतली. विमा आणि कर तेवढ्याच महिन्यांचा पडतो, मात्र उरलेले महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, तेव्हा गॅरेज असल्याशिवाय हा विचार करू नये.

घरी आणल्यावर पहिल्याच शनिवारी अलाइनमेंट तपासून घेतलं. पुढच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन, किंचित बाहेर होता, बहुधा कुठेतरी फुटपाथला घासल्यामुळे. तो बसवल्यावर ए८ वर स्टिअरिंग हात न लावताही सरळ राहतं, आणि टायर दोन्ही कडांना सारखे झिजताहेत.