खचणारी खुर्ची

दुपारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये माझं स्वतःच्याच चौकटीकडे लक्ष गेलं. सुरुवातीला खांदे दिसत होते, आता हनुवटीपासून वरचाच मी उरलो होतो. दारातून लेक म्हणाली, "बाबा, तू बुडतोयस."

एकदम धपकन बसली असती तर खुर्चीवर रागावता तरी आलं असतं. पण खुर्चीच्या दांड्यातला सील झिजला की आत कोंडलेला नायट्रोजन गुपचूप निसटतो आणि माणूस नकळत खाली येतो. लीव्हर ओढायचा, वर जायचं, पुन्हा उतरायला लागायचं. महिनाभर मी हेच केलं. मान दुखायला लागली तेव्हा उशी बदलली!

शेवटी दांड्याची जाडी मोजायला व्हर्निअर लावला. २८ मिलिमीटर. त्यावर बाजूने चढेल असं, एका अंगाला उघडं कडं रेखाटलं आणि थ्रीडी प्रिंटरवर टाकलं. पहिलं चढेचना, छापलेलं भोक मापापेक्षा जरा आवळच येतं. दुसरं पीएलए या कडक प्लास्टिकचं, जोर लावताच कटकन तुटलं. पीईटीजी या जरा लवचिक प्लास्टिकचं मात्र किंचित फाकलं आणि खट्‌कन बसलं. तो आवाज ऐकायला मी ते दोनदा काढून पुन्हा बसवलं. अशी चार-चार सेंटीमीटरची तीन कडी, एकावर एक.

लहानपणी बाबांच्या टेबलाशी माझी हनुवटी जेमतेम पोचायची, म्हणून ते माझ्याखाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवायचे. वरचा शब्दकोश, खालची कसलीशी बांधीव फाइल. वर्षभराने फाइल गेली. मग एक दिवस न बोलता शब्दकोशही काढला. पाय जमिनीला टेकले, पण मला उगाच कुणीतरी खाली उतरवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं शब्दकोशावर बसूनही शुद्धलेखन काही आत शिरलं नाही, ते सोडा.

ती तीन कडी चढवताना त्या पुस्तकांची आठवण झाली. त्यावरून काहीतरी सुचलंही होतं, पण तेवढ्यात फोन वाजला.

खुर्ची आता खचत नाही. खाली येतच नाही. लेकीचे पाय अधांतरी लोंबतात, तिला ते आवडतं. आणि मी रोज सकाळी बसल्या बसल्या लीव्हर ओढतो.